जेवून आलोय

१६ एप्रिल, रात्री दीड वाजता

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. आमचा अग्निशमन सप्ताह चालूय, परवा १४ ला परेड झाली, १९४४ ला मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांना सलामी दिली आणि मग एक मॅडम आल्या ताणतणावावर बोलायला. बोलल्या चांगलं. आगी डोक्यात राहतात, चिडचिड होते, मनात ठेवू नका, टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे. मी लिहून पण घेतला.

पण खरं सांगू का, माझ्या डोक्यात आग नसतेच, तांदळाचा डबा असतो. आम्ही कंत्राटी, ठेकेदाराने दोन महिने पगार दिला नाही, वाण्याची उधारी एवढी झालीय की मी त्या गल्लीने जातच नाही. रेशनला गेलो तर शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजाराच्या आत पाहिजे, तरच माणशी ५ किलो. आमचं कागदावर जास्त भरतं. कागदावर!

म्हणून महिनाभर मी डबा नेत नाही. सगळे जेवायला बसले की "घरून जेवून आलोय" म्हणायचं आणि बंब पुसत बसायचं. बंब चकाचक झालाय.

गेल्या आठवड्यात वर्दी आली, बिल्डिंगच्या मीटरबॉक्सची आग, जिन्यात धूर गच्च. पाठीवर बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायची हवेची टाकी, घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो आणि डोळ्यापुढे अंधारी, धाप एवढी लागली की हवा भराभर संपत आली आणि हवा कमी झाल्याची माझ्या सेटची शिट्टी सगळ्यांच्या आधी वाजायला लागली. काकांनी, म्हणजे आमच्या लीडिंग फायरमननी, बखोटीला धरून खाली आणलं. म्हणाले, "घाबरलास काय रे?"

मी हो म्हणालो. आठ वर्षं झाली मला या कामात, घाबरलो म्हणायला लाज नाही वाटली, सकाळपासून चहावर आहे म्हणायला वाटली.

काका काही बोलले नाहीत. पण पुढच्या ड्युटीपासून त्यांच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त असतात, "तुझी काकू मोजून करत नाही, वाया जातं" म्हणतात. मी खातो. खाताना वर बघत नाही.

१४४१६ अजून लावला नाही. लावून काय विचारू, पगार कधी होणार?