पोखरणचा पास

लष्करात असलेल्या भाच्याचा फोन डिसेंबरात आला. "मावशी, जानेवारीत युनिटचा फॅमिली डे आहे, रेंजवर फायरिंग दाखवणार आहेत. तू आणि काका याच. पण कागद आजच्या आज पाठव."

कागद फार नव्हते. आमच्या दोघांचं आधार, दोन-दोन फोटो, टॅक्सीचा नंबर आणि चालकाचंही आधार. तरी घोटाळा झालाच. मी नाव सासरचं लिहून पाठवलं आणि आधारवर माझं नाव माहेरचं आहे. नोकरीला लागले तेव्हाचंच पुढे चालत आलं. भाच्याने बजावलं होतं, "आधारवर आहे तसंच लिही." घाईत राहून गेलं.

इंदूरहून रेल्वेने जोधपूर आणि तिथून टॅक्सीने पोखरण. रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या मैदानाच्या, फाटकावर हवालदाराने कार्ड आणि यादी दोनदा ताडून पाहिली. "माताजी, नाम अलग है." ह्यांचं नाव जुळलं, चालकाचं जुळलं, माझंच नाही. भाचा आत फायरिंगच्या तयारीत, त्याचा फोन बंद. पाऊण तास आम्ही फाटकाबाहेर बाकावर बसून होतो. शेवटी पिशवीतल्या पेन्शनच्या कागदावर दोन्ही नावं सापडली, आतून युनिटचा निरोप आला आणि वहीत माझी वेगळी नोंद करून मला सोडलं. त्या हवालदाराचा मला जराही राग आला नाही. आवाज न चढवता, चहा पाजून, तो आपलं काम चोख करत होता. कोणाला असं जायचं असेल तर दोन्ही नावं असलेला एक कागद जवळ ठेवाच. मोबाईल आणि ह्यांचं स्मार्ट घड्याळ जमा करून टोकन मिळालं.

मी इंदुरात मराठी शाळेत भूगोल शिकवला. "वाळवंट म्हणजे ओसाड प्रदेश" हे वाक्य किती वर्गांना लिहून दिलं असेन. आत शिरताच पहिलं दिसलं ते झाड. वाळूत एकटं, काटेरी, बारीक पानांचं. "हे खेजडी," चालक म्हणाला. म्हणजे आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती, दसऱ्याला आपण पूजतो ती. इथे तोफा धडधडतात त्या मैदानात ती मैलोन् मैल उभी आहे. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात हीच झाडं वाचवताना अमृतादेवींसह झाडं-जनावरं जपणाऱ्या बिश्नोई पंथाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले. चालकाला मी गाडी थोडी हळू घ्यायला लावली.

लाल झेंडे चढलेले होते, म्हणजे फायरिंग सुरू. आधी दूरवर उजेड दिसतो, मग आवाज येतो आणि तो कानापेक्षा छातीत जास्त बसतो. भाचा तरुण अधिकारी म्हणून इंदूरजवळ महूच्या छावणीत कोर्स करून आला, तिथली माळव्याची काळी माती पावसात बुटांना धरून ठेवते. इथे वाळू धरतच नाही. चाकांतली हवा कमी करावी लागते, वाळूची टेकडी वाऱ्याने सरकत राहते म्हणून खूण धरून चालता येत नाही. पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळतात. आणि ऊन चढलं की लक्ष्य जमिनीवर तरंगू लागतं. पोखरण म्हणजे पाच मृगजळांची जागा, असा अर्थ सांगतात. नेम धरताना डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा, हेच इथलं खरं शिक्षण, असं त्याने मला समजावलं.

अणुचाचणीच्या जागेकडे अर्थातच कोणी नेत नाही. १८ मे १९७४ ला पहिली चाचणी इथली, मग ११ आणि १३ मे १९९८ ला मिळून पाच. दोन्ही वेळच्या कामात अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर होते, त्यांचा जन्म आपल्या निमाडातल्या बडवानीचा. आणि दुसऱ्या वेळचे पंतप्रधान वाजपेयी ग्वाल्हेरचे. उपग्रहाच्या नजरेला पडू नये म्हणून सैनिक रात्री खणत आणि पहाटेआधी वाळू वाऱ्याने पसरल्यासारखी करून ठेवत. त्या क्षितिजाकडे बघताना माझा गळा दाटून आला.

पण मनात जास्त राहिला तो माळढोक. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तो पक्षी आता देशात मोजकाच उरलाय आणि त्याच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक ही रेंज आहे. माणसाला मज्जाव आहे, नांगर नाही, म्हणून गवत टिकलं. एका जवानाने मादी पाहिली होती. सांगताना त्याने दोन्ही हात पसरून तिची चाल दाखवली.

परतताना खेतोलाईत थांबलो. ९८च्या चाचणीच्या जागेला लागून असलेलं हे बिश्नोईंचं गाव. एका घरी पाणी मागितलं तर घरच्या बाईने खाटच टाकली. त्या दिवशी जवानांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं होतं, दुपारी पायाखालची जमीन हलली आणि भिंतींना भेगा गेल्या, असं तिने सांगितलं. एक भेग सिमेंटने बुजवलेली अजून दिसते. तिच्या बोलण्यात अभिमान होता आणि ती भेगही होती, आणि ती दोन्ही एकाच आवाजात सांगत होती. मला तिच्यापुढे काही बोलायला सुचलं नाही.

निघताना तिने वाळवलेल्या सांगरीची पुडी हातात दिली. घरी आल्यावर, ही शमीची शेंग आहे असं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी ती आधी देवापुढे ठेवली आणि मग रात्री भिजत घातली.