आमची वाटचाल: नंबर बोर्डाच्या अंगात

आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून नंबर वाचायची पद्धत, म्हटलं की लोकांना फास्टॅग आठवतो नाहीतर शोरूममधल्या कपड्यांवरचा स्टिकर. आमचं काम तसलं नाही. आम्ही सर्किट बोर्डावरच आरएफआयडीची चिप बसवून देतो, वेगळा टॅग नाही की वेगळा अँटेना नाही, बोर्डाचं तांबं तोच अँटेना. गोरेगाव पूर्वेला छोटा गाळा आहे आमचा, पावसात शटरखालून पाणी येतं पण काम सुटत नाही.

हे काम सुरू झालं ते वसईच्या काकांमुळे. ते इन्व्हर्टरचे बोर्ड बनवायचे. वॉरंटीत परत येणाऱ्या जुन्या बोर्डांवर नव्या बोर्डांचे बारकोड उचकटून चिकटवलेले असायचे, काका वैतागलेले. म्हणाले, "अरे, मला स्टिकर देऊच नकोस, नंबर बोर्डाच्या अंगात पाहिजे." मी आणि पार्टनर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन हॉट एअर (गरम हवेचं सोल्डरिंग मशीन) आणि सेकंडहँड मायक्रोस्कोप घेऊन आलो. चिपचं पॅकेज १.४५ बाय १ मिमी, ट्विझरमधून उडाली की फरशीवर शोधण्यात अर्थ नाही. तिला बॅटरी नसते, रीडरच्या, म्हणजे नंबर वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवरच जागी होते, त्यामुळे बोर्डाला सप्लाय नसला तरी पुठ्ठ्याचा खोका न उघडता नंबर येतो. पत्र्याच्या कॅबिनेटमधून मात्र येत नाही, हे आम्ही पहिल्याच मीटिंगला सांगतो.

खरी मेहनत ट्यूनिंगची, म्हणजे अँटेना ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायची. आपल्याकडे २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, २०२१ पासून ते ८६८ पर्यंत वाढवलंय. अमेरिकेत ९०२ ते ९२८, तिथलं डिझाइन जसंच्या तसं उचललं की रेंज बसलीच. त्यात शेजारी ट्रान्सफॉर्मर नाहीतर हीटसिंक आला की सगळं परत सरकतं. मग ब्लेडने अँटेनाच्या लूपच्या (तांब्याच्या वेढ्याच्या) आतलं तांबं खरवडायचं, लूप मोठा झाला की रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला लागतो ती, खाली येतो, एकीकडे नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्रावर त्या फ्रिक्वेन्सीचा खड्डा (डिप) बघायचा, पण अंतिम निकाल रीडरचाच. सिम्युलेशनवाल्यांनी एकदा येऊन हे हाताने करून बघावं.

मधली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग २०२१. चिपचा जगभर तुटवडा, डिस्ट्रिब्युटर वर्षाच्या पुढच्या तारखा देतोय, आणि नेमका तेव्हाच पार्टनर दुसऱ्या कंपनीत गेला. नाव घेत नाही, लाइनमधल्या लोकांना माहीत आहे. जाताना आमचे रेट त्याच्या डोक्यातच होते. त्या कंपनीने आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीला तयार स्टिकर टॅग दिले, आमच्यापेक्षा खूप स्वस्त, "स्टॉक रेडी आहे" म्हणून. त्या पार्टीच्या परचेसवाल्या साहेबांनी आमचा फोन उचलणं बंद केलं. इकडे भाडं थकलेलं, पोरांचे पगार थकलेले, मी मशीन विकायला काढलं होतं. काकांना कुठून कळलं माहीत नाही, त्यांनी पुढच्या ऑर्डरचा पूर्ण ॲडव्हान्स आणून दिला आणि माल मिळेल तेव्हा दे म्हणाले. एवढंच. चहालाही थांबले नाहीत.

स्टिकरचं व्हायचं तेच झालं. सिरियल नंबर टॅगच्या ईपीसी मेमरीत (चिपमधला परत लिहिता येणारा भाग) लिहिलेला, आणि तीही लॉक न केलेली. ती रीडर असलेला कोणीही परत लिहू शकतो. एकाच नंबरचे दोन दोन बोर्ड वॉरंटीला यायला लागले. चिपच्या फॅक्टरीत टाकलेला टीआयडी, म्हणजे चिपचा स्वतःचा नंबर, बदलता येत नाही, बोर्डाचा हिशोब त्यावरच ठेवा, हे आमच्या पहिल्या कोटेशनमधे लिहिलं होतं. वाचतंय कोण! तेव्हा स्वस्त रेट वाचला फक्त.

नवीन पोरांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. सॅम्पल टेबलावर ठेवून पास करू नका, पूर्ण असेंब्ली झालेल्या बोर्डावर, खोक्यात भरून, थप्पी लावून वाचा. सोल्डर पेस्ट फ्रिजमधून काढली की लगेच डबा उघडू नका, दमट हवेत पाणी धरते. आणि पार्टनरशिप कागदावर करा, दोस्ती कितीही जुनी असो.

त्या साहेबांचा गेल्या महिन्यात फोन आला, टीआयडीवालं काम पाहिजे, जुना रेट लावा म्हणाले. नवा रेट पाठवलाय, निम्मा ॲडव्हान्स, आणि काकांचा लॉट संपल्यावरच त्यांचा नंबर.