शाळेच्या सुरक्षेचे धडे देणारे कोण असतात?

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर परिचयपत्रांची एक थप्पी जमते. शाळा उघडण्यापूर्वी शिक्षकांचे, शिपायांचे आणि बसमधल्या मावशींचे सुरक्षा प्रशिक्षण व्हायला हवे असते, आणि आमच्या शाळेच्या सुरक्षा समितीचे काम गेली नऊ वर्षे माझ्याकडे असल्यामुळे कोणाला बोलवायचे हे ठरवताना पहिला शब्द माझा असतो. पुण्यात अशा लोकांची वानवा नाही. निवृत्त पोलीस अधिकारी, लष्करातून बाहेर पडलेले सुभेदार आणि कर्नल, अग्निशमन दलातले जुने जवान, समुपदेशक, वकील, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचे चालक, इतकेच काय, आग विझवण्याचे सिलिंडर विकणारे विक्रेतेसुद्धा स्वतःला ‘स्कूल सेफ्टी ट्रेनर’ म्हणवतात. सुरुवातीची काही वर्षे मी ही परिचयपत्रे हुद्द्यावरून वाचत असे. ज्याच्या खांद्यावर जास्त तारे होते, त्याचा कागद वर. आता मी तसे करत नाही.

सात वर्षांपूर्वी आम्ही एका निवृत्त वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना बोलावले होते. तीस वर्षांहून अधिक सेवा, त्यातली बरीचशी गुन्ह्यांच्या तपासात गेलेली. माणूस प्रामाणिक होता आणि तळमळीने बोलत होता, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. पाचवी-सहावीच्या मुलांसमोर त्यांनी अपहरणाचे आणि अत्याचाराचे खरे गुन्हे एकामागून एक सांगितले. मुले गप्प बसून ऐकत होती आणि आम्ही त्या शांततेला लक्ष म्हणत होतो. पुढच्या आठवड्यात सहावीच्या वर्गशिक्षिकेने येऊन सांगितले की काही मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायले तर स्वच्छतागृहात एकटीने जावे लागेल.

त्याहून मोठी चूक शिक्षकांच्या सत्रात झाली आणि ती लक्षात यायला मला आणखी काही महिने लागले. मुलाने काही सांगितले तर त्याला लगेच समोर बसवा, तारीख, वेळ, जागा, किती वेळा, कोण होते, सगळे खोदून विचारा आणि मग तेच उलट क्रमाने पुन्हा विचारा, म्हणजे खरेखोटे कळते, असे त्यांनी सांगितले. आम्ही ते वहीत लिहून घेतले. तपास अधिकाऱ्याने आयुष्यभर केलेले काम तेच असते, त्यामुळे त्यांना ते स्वाभाविक वाटले. शिक्षकाने मात्र ते करायचे नसते. दहा वर्षांच्या मुलीला वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापक अशा तिघांनी तेच ते विचारले की ती पहिल्या सांगण्यात भीतीपोटी भर घालते किंवा ते मागे घेते, आणि पुढे न्यायालयात नेमका तोच फरक तिच्या विरोधात वापरला जातो.

हे मला समजावले ते महिला सहायता कक्षात बरीच वर्षे काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. त्या आमच्याच एका विद्यार्थ्याच्या आजी. त्यांच्या परिचयात छापण्यासारखे फारसे काही नव्हते, परिचयपत्रही नव्हते. माझी ती वही वाचून त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही फक्त ऐकायचं. लेकरू जे शब्द वापरेल तेच शब्द तसेच्या तसे लिहायचे, वेळ लिहायची, आणि आम्हाला कळवायचं. विचारायचं काम आमचं. आणि विचारायला येताना आम्ही वर्दी घालून येत नाही, एवढं तरी मुलांना सांगून ठेवा.”

त्यांच्या सांगण्याला कायद्याचा आधार आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या, म्हणजे पॉक्सोच्या कलम 24 प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्य तोवर उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्या वेळी पोलिसाने गणवेशात असायचे नसते. कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली तरी प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम 21 मध्ये न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘आधी आपण शाळेच्या पातळीवर खात्री करून घेऊ’ हे शिक्षणसंस्थांचे लाडके वाक्य या कलमांपुढे टिकत नाही. निरीक्षकसाहेबांना ही कलमे ठाऊक नव्हती असे मी म्हणणार नाही, परंतु ती त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिली होती, आणि आम्हाला हवी होती ती अलीकडची बाजू.

तेव्हापासून मी पोलिसांचे परिचय वेगळ्या रीतीने वाचते. ‘तीस वर्षे पोलीस सेवा’ या चार शब्दांच्या पोटात फार वेगवेगळी आयुष्ये असतात. कोणी वाहतूक शाखेत काढतो, कोणी गुन्हे शाखेत, कोणी राज्य राखीव दलात बंदोबस्तावर, कोणी बिनतारी विभागात, ज्याचे मुख्यालय आपल्या पाषाणलाच आहे. ही सगळीच कामे मोलाची आहेत, पण बिनतारी यंत्रणेत आयुष्य गेलेल्या अधिकाऱ्याकडून बालकांच्या जबाबाविषयी शिकण्यात अर्थ नाही. म्हणून मी आता विचारते की शेवटची दहा वर्षे आपण कोणत्या शाखेत होता, लहान मुलांशी संबंधित किती प्रकरणे स्वतः हाताळली, बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून कधी काम पाहिले का. बाल न्याय कायद्याने प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एक अधिकारी नेमायचा असतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येते आणि फार वेळ वाचतो.

पोलीस चांगला शिक्षक होईलच असे नाही, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेने स्वतःच्या खर्चाने घेतला आहे. 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाने तिथल्या शाळांसोबत ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गावर येऊन मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहायला शिकवी. त्यासाठी त्याला आधी 80 तासांचे प्रशिक्षण मिळत असे. पालकांना तो आवडला, तो देशभर पसरला. पुढे अभ्यासकांनी त्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा हा कार्यक्रम झालेली मुले आणि न झालेली मुले यांच्या व्यसनांत टिकाऊ असा फरक त्यांना दिसला नाही आणि शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला. आपल्याकडे अनेक प्रशिक्षकांना 80 तास सोडा, आठ तासदेखील ‘मुलांना कसे शिकवावे’ हे कोणी सांगितलेले नसते.

त्याच देशातले दुसरे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. 1999 च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर तिथे जी प्रशिक्षणे निघाली, त्यांतले एक प्रसिद्ध प्रशिक्षण टेक्ससमधला एक पोलीस अधिकारी आणि प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका असलेली त्याची पत्नी यांच्या बोलण्यातून तयार झाले. त्या प्रशिक्षणातले सगळे काही मला पटते असे नाही. त्याच्या सरावांनी मुले घाबरतात अशी टीका तिथेच झाली आहे, आणि बंदूकधारी हल्लेखोराचे अमेरिकन चित्र जसेच्या तसे पुण्याच्या शाळेत दाखवणाऱ्या प्रशिक्षकांना मी नम्रपणे नकार देते. परंतु पोलीस आणि शाळा चालवणारी व्यक्ती एका टेबलाशी बसली, ही गोष्ट मी उचलली. आता आमच्याकडे पॉक्सोचे सत्र एकट्याने कोणी घेत नाही. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली समुपदेशक आणि मुलांची प्रकरणे हाताळलेली महिला पोलीस, दोघी मिळून घेतात. समुपदेशकाला मुलाशी बोलायचे कसे हे ठाऊक असते, पण चौकीत गेल्यावर पुढे काय होते हे बहुधा ठाऊक नसते. पोलिसाचे नेमके उलट असते.

अनुभव आणि प्रमाणपत्र असूनही ऐन वेळी हात गळतात, हेही विसरता येत नाही. 24 मे 2022 रोजी टेक्ससमधल्या उवाल्डी गावातल्या शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. वेगवेगळ्या दलांचे मिळून 376 जण तिथे पोहोचले होते आणि तरीही पोलिसांना हल्लेखोरापर्यंत पोहोचायला 77 मिनिटे लागली. त्या शाळांच्या स्वतःच्या पोलिसांनी अशा प्रसंगाचे प्रशिक्षण काही महिन्यांपूर्वीच घेतले होते.

आता आगीविषयी. या बाबतीत मी थोडी अधिक आग्रही आहे, कारण 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत 94 मुले जळून गेली, तेव्हा माझी स्वतःची मुलगी पहिलीत होती. त्याच घटनेतून पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि 2009 मध्ये न्यायालयाने शाळांना आग विझवण्याची साधने ठेवण्याचे आणि कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवण्याचे आदेश दिले. तेव्हापासून साधने आली. शिकवणारे कोण, हा प्रश्न मात्र उरला.

आमच्याकडे काही वर्षे सिलिंडरची देखभाल करणाराच माणूस येऊन अर्धा तास प्रात्यक्षिक दाखवून जात असे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते, त्यामुळे तो वर्षातून दोनदा येणारच, मग प्रशिक्षणही त्यालाच सांगू, असा आमचा सोयीचा विचार होता. त्याचा अनुभव यंत्राचा होता, आगीचा नव्हता. त्याने आम्हाला पिन ओढायला आणि नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायला शिकवले, आणि ते बरोबरच होते.

मग अग्निशमन दलातून तांडेल, म्हणजे जवानांच्या वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. सिलिंडरला त्यांनी हातही लावला नाही. “आधी शाळा दाखवा,” म्हणाले. दीड तास ते नुसते चालत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याचे जाळीचे दार कुलूपबंद होते. त्यांनी किल्ली कोणाकडे असते ते विचारले. ती एका शिपायाकडे होती आणि तो त्या दिवशी रजेवर होता. प्रयोगशाळेचे दार आत उघडत होते. त्यांनी सांगितले की घाबरलेली तीस मुले दाराला आतून रेटू लागली की आत उघडणारे दार उघडतच नाही. जिन्याखाली जुनी बाके आणि स्नेहसंमेलनाचे पडदे रचलेले होते. त्याकडे त्यांनी फक्त बोट दाखवले. पहिलीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर का, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. त्या वर्षी पहिलीचे वर्ग तळमजल्यावर आले. धुरात माणूस कसा गोंधळतो, मूल कुठे लपते, हे ज्याने हातांनी चाचपून पाहिले आहे, त्याची नजर वेगळीच पडते, आणि ती कोणत्याही सादरीकरणात येत नाही.

भूकंप आणि दरडीच्या विषयासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. तळेगावजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे. 2014 मध्ये माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा हेच जवान ढिगारा उपसत होते. ते केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले असल्यामुळे बहुतेक जण हिंदीत बोलतात, म्हणून मावशींसाठी शेजारी एक मराठी सांगणारा बसवावा लागतो, एवढीच अडचण.

लष्करी पार्श्वभूमीविषयी लिहिताना मला जपून लिहिले पाहिजे, कारण या शहरात प्रत्येक घराच्या ओळखीत कोणीतरी फौजी असतो आणि माझे वडीलही सैन्यात होते. शिस्त, आखणी, जबाबदाऱ्यांची वाटणी या बाबतींत या मंडळींचा हात धरणारा कोणी नाही. आमचा शाळा रिकामी करण्याचा आराखडा एका निवृत्त सुभेदारांनीच बसवून दिला. परंतु शाळा ही छावणी नव्हे. सरावाच्या वेळी रडणाऱ्या मुलाला रांगेत ढकलणे त्यांना योग्य वाटले आणि मला नाही. आम्ही त्यावर बोललो आणि त्यांनी ऐकलेही. सुरक्षारक्षकांच्या बाबतीत केंद्राचे नमुना नियम पार्श्वभूमीची नीट मोजणी करतात. नव्या रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, तर माजी सैनिक वा माजी पोलिसाला 40 आणि 16 तासांचे प्रशिक्षण. म्हणजे फाटकावर उभ्या राहणाऱ्या माजी सैनिकालाही नवे काही शिकावे लागते असे नियम मानतो. आम्हा शिक्षकांना शिकवायला येणाऱ्याला मात्र आम्ही काहीच विचारत नाही.

एक गोष्ट अवघड जाते, पण मी ती आता सोडत नाही. येणारा प्रशिक्षक कोणीही असो, त्याची पोलिसांकडून झालेली चारित्र्य पडताळणी मागते, आणि मुलांच्या सत्रात वर्गशिक्षिका शेवटपर्यंत बसते. आयुष्यभर इतरांची पडताळणी केलेल्या एका अधिकाऱ्यांना हे लागले आणि ते आले नाहीत. आमच्या तांडेलांनी मात्र दुसऱ्याच दिवशी कागद आणून दिला.

या जूनसाठी त्या हवालदार आजींना मी पुन्हा विचारले. गुडघे दुखतात, तरी येते म्हणाल्या, पण अट घातली की पुढच्या रांगेत शिक्षक नकोत, स्वच्छतागृहाच्या मावशी आणि बसमधल्या मावशी हव्यात. मागच्या खेपेला सत्र संपल्यावर एका मावशींनी हळूच सांगितले होते की दुपारच्या अधिवेशनात वरच्या स्वच्छतागृहाची कडी बाहेरून लागते. ती कडी आम्ही त्याच संध्याकाळी काढली. आमच्या पाच वर्षांच्या अहवालांत तिचा कुठेही उल्लेख नव्हता.