डाव्या गुडघ्याचं पाणी

सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये पोचले तेव्हा टेक्निशियन काकांचं उत्तर तयार होतं. "मॅडम, एन्टरोकॉकस जंतू दिसतोय. लिहून टाकू?"

नमुना सत्तरीच्या एका आजींचा. चार वर्षांपूर्वी बदललेला, कधी न कुरकुरलेला डावा गुडघा तीन दिवसांत टम्म सुजला, हुडहुडी भरून ताप आला. हाडांच्या सर्जन सरांनी सुईने पाणी काढलं ते ताकासारखं गढूळ. रविवारीच त्यांनी गुडघा उघडून धुतला, मधलं प्लास्टिक बदललं, धातू तसाच ठेवला. दुखणं ताजं होतं. जंतूंचा चिकट थर अजून घट्ट बसला नसेल या हिशेबाने.

बदललेल्या सांध्यात आम्हाला सवय स्टॅफिलोकॉकस जंतूच्या घोसांची. इथे स्लाइडवर जांभळ्या मण्यांच्या आखूड माळा होत्या. काकांचा अंदाज वावगा नव्हता. बाइल एस्क्युलिन, म्हणजे जंतू ओळखायचं पित्त घातलेलं माध्यम, काळंकुट्ट झालं होतं, आणि एन्टरोकॉकस तेच करतो. पण त्याला मीठही चालतं. म्हणून साडेसहा टक्के मिठाच्या ब्रॉथची, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ रसाची, नळी लावली आणि रिपोर्ट अडवून धरला. मंगळवारी नळी नितळ! जंतू मिठात वाढलाच नव्हता, म्हणजे एन्टरोकॉकस नव्हे. जंतू ओळखणाऱ्या मशीनमध्ये कार्ड घातलं, संध्याकाळी नाव आलं: स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस.

जुन्या पुस्तकांत हा 'बोव्हिस' म्हणून भेटतो, म्हणजे गाईगुरांचा. माणसात याचं घर आतड्यात. १९७७ च्या एका अमेरिकन अभ्यासात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या ६३ पैकी ३५ जणांच्या मलात तो सापडला होता, इतर १०५ जणांमध्ये फक्त ११ जणांत. गाठीपाशी आतड्याचं अस्तर विस्कटलेलं असतं. तिथून हा रक्तात उतरतो आणि हृदयाची झडप नाहीतर एखादा कृत्रिम सांधा गाठतो.

सरांना फोन लावला. "सर, इको करून घ्या, हृदयाची झडप बघायला. आणि कोलोनोस्कोपी, दुर्बिणीने मोठं आतडं बघायला."

"अगं, मी गुडघ्याचा रिपोर्ट मागितला होता. बाईंची पोटाची एक तक्रार नाही."

खरंच नव्हती. हिमोग्लोबिन तेवढं साडेनऊ, म्हणजे कमी, होतं. आतड्यातल्या गाठीतून नकळत रक्त झिरपलं तरी ते असं उतरतं. आपल्याकडे आजींचं हिमोग्लोबिन कमीच असायचं, असं सगळे धरून चालतात. माझ्या आईच्या वेळी मीही तेच धरलं होतं. सरांना मी तो आकडा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पोटाच्या डॉक्टरांना सांगतो."

इको स्वच्छ आला. कोलोनोस्कोपीत सीकममध्ये, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, अडीच सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, निघाला, तिथेच काढला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: कॅन्सर नाही, पण उंबरठ्यावर.

इंजेक्शनं सहा आठवडे चालली. आजी काठी घेऊन तपासणीला आल्या तेव्हा म्हणे सरांना विचारत होत्या, "दुखत होता गुडघा, आणि तुम्ही पोटात कशाला शिरलात?"

तो जंतू आम्ही फ्रीजरमध्ये जपून ठेवलाय. काकांनी चिठ्ठीवर 'डावा गुडघा' लिहिलं होतं. पुढे कंसात त्यांनीच नंतर पेनने 'आतडं' जोडलंय.