रत्नागिरी: देवमासा, थिबा आणि सासूबाईंचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत लेकाला "काहीतरी शैक्षणिक" दाखवायचं हे खूळ माझं, त्यामुळे सगळी बोलणीही मीच खाल्ली. पुणे-कोल्हापूर-रत्नागिरी. गाडीत नवरा, मी, सात वर्षांचा लेक आणि सासूबाई. म्युझियमबद्दल त्यांचं मत सातारा यायच्या आतच कळलं, "मेलेल्या माणसांची भांडी बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?"

कोल्हापुरात दोन दिवस होतो, त्यातला निम्मा वेळ रांगेत आणि उरलेला मिसळीत गेला. टाऊन हॉल म्युझियममधलं एकच लक्षात राहिलं, पोसायडनची ब्राँझची छोटीशी मूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव आणि सापडला कुठे, तर पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या उत्खननात! लेकाने लगेच विचारलं, मग ह्याचे मासे कुठायत? म्हटलं उद्या दाखवते.

आंबा घाटात तो दोनदा ओकला, त्याबद्दल एवढंच.

रत्नागिरीला झाडगावात मत्स्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं. लहानसं आहे, सिंगापूरचे काचेचे बोगदे डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड होईल. पण देवमाशाचा सांगाडा बघून आमचं पोर गप्पच झालं. ५५ फूट! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेला, मधेच आकडा चुकला, परत पहिल्यापासून. मग समुद्रघोड्यांची टाकी. मी शहाणपणा करून सांगितलं की ह्यांच्यात पिल्लं बाबाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात. सासूबाई मागे बाकावर बसल्या होत्या त्या उठून आल्या, चष्मा पुसला, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरंय की." नवरा उगाच शेजारचे लायन फिश बघायला लागला.

आता सल्ला म्हणा नाहीतर कबुली, मत्स्यालय जेवणाआधी करू नका. समोर सुरमई थाळी आली, तुकडीकडे बघून लेकाने विचारलं "हा पण तिकडे पोहत होता?" आणि रडायलाच लागला. सोलकढी-भातावर भागवलं त्याने, सुरमई मी खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, फार छान होती.

दुपारी थिबा पॅलेस. खरंतर कंटाळा आला होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ ला पदच्युत केला आणि १८८६ ला इकडे आणून ठेवला, हा राजवाडा बांधून झाला १९१० ला आणि १९१६ ला तर तो गेलाच. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत, त्यातली इथे जेमतेम सहा. रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, लांबलचक व्हरांडे, गर्दी शून्य. वरच्या मजल्यावर वारा मस्त होता म्हणून तिथेच बसलो आणि मी सासूबाईंना मोबाईलवरून त्याच्या थोरल्या मुलीची गोष्ट वाचून दाखवायला लागले.

राजवाड्यातच नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला. मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर १९१९ ला कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण ही थोरली पोरीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली ती इथलीच झाली. टूटू इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, बोलायची मराठी, शेण्या थापायची, कागदाची फुलं करून विकायची. राजाची नात!

सासूबाई ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, ते त्या फक्त मालिकेत वाईट काही घडणार असलं की करतात. मला वाटलं आता शेण्यांवर हळहळतील.

"तो गोपाळ आधीचा लग्नाचा होता का?"

परत वाचलं. होता.

"मग त्याच्या बायकोचं काय झालं?"

मी खाली स्क्रोल केलं, वर केलं, दुसरं पान उघडलं. सगळीकडे राणी, राजकन्या, माणकं आणि पेन्शन. नवरा म्हणाला आई चल आता, उशीर होतोय. परतीच्या वाटेवर साखरप्यापर्यंत त्यांनी दोनदा विचारलं, "सापडलं का गं?" पुढे घाटात रेंज गेली.