योकोहामाचा क्विल्ट वीक आणि हॉटेलवर राहिलेला चष्मा

जपानमधल्या योकोहामाच्या क्विल्ट वीकला, म्हणजे क्विल्टांच्या (कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्यांच्या) प्रदर्शनाला जाणार असाल तर जवळचा चष्मा न्या, बाकीच्या टिपा नंतर. मी तो हॉटेलवर विसरले आणि पहिला अर्धा तास भिंतीवरच्या इवल्या इवल्या क्विल्टांकडे नुसती डोळे बारीक करून बघत उभी होते. शेवटी शेजारच्या एका जपानी आजींनी पर्समधून भिंग काढून माझ्या हातात ठेवलं, ना त्यांना माझी भाषा येत होती ना मला त्यांची.

मग दिसलं. वहीच्या पानाएवढी क्विल्ट, चौकोन माझ्या करंगळीच्या नखाएवढे, आणि वरून घातलेला धावदोरा तांदळाच्या कणीहून बारीक, एक टाका इकडेतिकडे नाही. मला वाटायचं मोठी क्विल्ट लहान केली की झाली मिनिएचर, पण तसं नाहीये. चारही बाजूंना शिवणीसाठी नेहमीसारखं ७ मिमी कापड सोडलं तर १ सेमीच्या चौकोनाला २.४ सेमीचा तुकडा कापावा लागतो, म्हणजे दिसतं त्याच्या पावणेसहापट कापड, आणि उलट्या बाजूला दुमडलेल्या शिवणी एकमेकींवर चढतात ते वेगळंच. आमच्या आजीच्या गोधडीत दोन थर जास्त आले तर ऊब वाढायची, इथे टेंगूळ येतं! म्हणून शिवल्यावर शिवण ३ मिमीपर्यंत छाटायची, कापड पातळ घ्यायचं, प्रिंटसुद्धा बारीक, नाहीतर एका चौकोनात अख्ख्या फुलाची अर्धी पाकळी येते. शिवणीची घडी दाबून बसवायला हेरा नावाची चपटी पट्टी असते, प्रत्येक वेळी इस्त्रीकडे पळायला नको. मी एक घेतली, भाजणीच्या थालीपीठाच्या उलथन्याची धाकटी बहीण दिसते.

आता जायचं कसं. हा क्विल्ट वीक नोव्हेंबरात पॅसिफिको योकोहामा या प्रदर्शन केंद्रात भरतो, तारखा बघूनच तिकिटं काढा. टोकियोतल्या शिबुया स्टेशनहून तोयोको लाइनची रेल्वे पकडली तर बऱ्याच गाड्या थेट मिनातोमिराई स्टेशनला जातात, तिथून चालत पाचेक मिनिटं. सकाळी दार उघडताच आधी क्विल्ट बघून घ्या आणि मग स्टॉल, मी उलटं केलं आणि दुपारी भिंतीपाशी गर्दीत नुसत्या लोकांच्या पाठी बघितल्या. फोटो काढायच्या आधी पाटी बघा, काही क्विल्टांना चालत नाही. सुटे येन ठेवा, हात लावू नका.

खरेदी मात्र टोकियोत निप्पोरीला करा. यामानोते लाइनवरचं स्टेशन, बाहेर पडलं की जवळजवळ १ किमी रस्ताभर कापडाचीच दुकानं. रविवारी बरीच बंद असतात म्हणून आठवड्यात मधल्या वारी जा. अख्खा मीटर नको असेल तर 'हागिरे' मागा (हसू नका, खरंच तोच शब्द आहे, चिंध्या-तुकडे), मिनिएचरवाल्यांना तेच लागतं. धागा रंगवून मग विणलेलं सुती कापड मिळालं तर सोडू नका, छापील रंगापेक्षा शांत दिसतं.

क्योतोला जाणार असाल तर सांजोच्या बाजारात मिसुयाबारी नावाचं सुयांचं दुकान शोधा, बोळातून आत गेल्यावर छोट्या बागेत लपलंय, रस्त्यावरून दिसत नाही. क्विल्टच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई लहान, मला हे माहीत असूनही ऐटीत १२ नंबर घेतली. घरी आल्यापासून दोरा ओवून द्यायला भाचीला बोलवावं लागतंय.