तुम्ही विचारलंत म्हणून: डी.ई. कुणाकडे लावू?

जून उजाडला की आमच्या दाराची बेल वाजते. दारात पोरगं, मागे त्याची आई. "मॅडम, डिफरन्शियल इक्वेशन्सची क्लास कुणाकडे लावू, सांगा की." (डी.ई. म्हणजे हीच, एखादी गोष्ट कशी बदलते ते सांगणारी समीकरणं.) मी शिकवण्या बंद केल्यात, त्यामुळे मी खरं सांगेन असा लोकांचा समज आहे.

कोणता कोर्स, याचं उत्तर सोपं. इंजिनिअरिंगवाल्याला लाप्लास (ही समीकरणं सोडवायची एक रीत) चुकत नाही, त्याला निवड कसली? बी.एस्सी.वाल्याला पुढे एम.एस्सी. करायचं असेल तर त्याने थिअरीचा पेपर टाळू नये. बस.

खरा घोळ सरांचा. सोलापुरात 'टाइप'वाले सर पुष्कळ. टाइप १, व्हेरिएबल वेगळे करा. टाइप २, होमोजिनियस. टाइप ३, लिनियर. मीही अशाच एका सरांकडे शिकले आणि मार्क उत्तम पडले. पुढे एम.एस्सी.ला एका प्राध्यापकांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: डीवाय बाय डीएक्स बरोबर तीन गुणिले वायचा दोन-तृतीयांश घात, एक्स शून्य तेव्हा वायही शून्य. मी टाइप १ ओळखला, वायच्या त्या घाताने भागलं, इंटिग्रेट केलं आणि ऐटीत सांगितलं, "वाय बरोबर एक्सचा घन." ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "हो." वाय सगळीकडे शून्य ठेवलं तरी समीकरण जुळतं, हे मला दिसलंच नव्हतं, कारण भागताना मी तेच उत्तर फेकून दिलं होतं. वर आणखी गंमत अशी की शून्यावर हवं तितका वेळ बसून राहायचं आणि मनाला येईल तिथून घनासारखं वर उठायचं, हेही उत्तर चालतं. म्हणजे उत्तरं अगणित, आणि माझ्या वहीत एक.

म्हणून सांगते, फी भरण्याआधी एका तासाला बसा आणि हेच समीकरण विचारा. सर भागण्याआधी थांबले, तर पैसे भरा. "परीक्षेला येत नाही" म्हणाले, तर नमस्कार करून निघा.

दुसरं पाहा, सर समीकरण सोडवण्याआधी ते मांडून दाखवतात का? मी चहावरून सुरुवात करायचे. मे महिना, खोलीत ४० अंश, चहा ९० अंशांचा. दहा मिनिटांत ६५ वर आला. आणखी दहा मिनिटांनी किती? निम्मा वर्ग ४० म्हणायचा. पण न्यूटनच्या थंड होण्याच्या नियमाने दर दहा मिनिटांनी निम्मा होतो तो खोलीशी असलेला फरक: ५०, २५, साडेबारा. चहा साडेबावन्न अंशांवर. एवढं कळल्यावर फॉर्म्युला पोरं स्वतःच मागतात.

हां, परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर गपचूप टाइपवाल्या सरांकडे जा. तिथे माझा आग्रह नाही.

आमच्या शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि क्लास लावली ती घरापासून चालत जाता येईल अशी. का रे, विचारलं तर म्हणे, "मॅडम, दुपारी दोनची बॅच आहे. उन्हात लांब कोण जाणार?" त्याचंही काय चुकलं?